दुर्लक्षित टाकीतले मासे घरी आणताना: पहिल्या ४० दिवसांचं काम

मासे बघायला जाल तेव्हा आधी काच बघा. काचेच्या वरच्या कडेला पांढरी खरखरीत रेघ असते. तिच्याखाली बोटभर अंतरावर दुसरी रेघ दिसली, मग तिसरी, तर समजायचं की या टाकीतलं पाणी कधी बदललेलंच नाही. आटलं तेवढं वरून ओतलं, बस. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि ओतलेलं पाणी आणखी क्षार घेऊन येतं. बाहेरून बघणाऱ्याला ते पाणी विषारी वाटतं. पण आतले मासे महिनोन्‌महिने त्यातच राहून त्याला सरावलेले असतात.

माझ्या हातून सुरुवातीला जे मासे गेले ते घाणीनं गेले नाहीत. मी कळवळून एका दुपारी सगळी टाकी धुतली, खडी चकचकीत केली, ताजं पाणी भरलं आणि सकाळी उठून बघतो तर तीन मासे आडवे. त्यामुळे या लेखातलं बरंचसं मार्गदर्शन तुमचा हात आवरण्यासाठी आहे.

आधी विचारपूस

मासे देणाऱ्याला बोल लावू नका. शरमलेला माणूस खरं सांगत नाही आणि आपल्याला खरी माहिती हवी असते. एक वही घ्या आणि विचारा: पाणी शेवटचं कधी बदललं, थोडं की सगळं? फिल्टर रात्री बंद करता का? (आवाज होतो म्हणून पुष्कळजण करतात. तासन्‌तास बंद फिल्टरमधले उपयोगी जिवाणू ऑक्सिजनवाचून मरायला लागतात.) खाणं कोणतं, डबा कधी उघडलेला? गेल्या महिन्यात किती मासे गेले? औषध कुठलं घातलं होतं? काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन निळसर पडलं असेल तर मेथिलीन ब्लूसारखं औषध पडून गेलंय, मालकाला आठवत असो वा नसो.

या उत्तरांवरून दुर्लक्ष कोणत्या तऱ्हेचं आहे ते कळतं. ते दोन तऱ्हेचं असतं आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. एका तऱ्हेत पाणी कधीच बदललेलं नसतं. दुसऱ्या तऱ्हेत उलट, दर रविवारी सगळं पाणी फेकून, टाकी घासून, मासे नव्या पाण्यात टाकलेले असतात. काचेच्या छोट्या वाडग्यातल्या गोल्डफिशची बहुधा हीच कथा. तिथे जिवाणूंची वस्ती कधी रुजतच नाही, मासा आठवडाभर स्वतःच्या अमोनियात राहतो. अशा माशाला मोठ्या, चालू फिल्टरच्या टाकीत हलवणं सोपं असतं, कारण त्याचं पाणी नळाच्या पाण्यासारखंच असतं. गोम आहे ती पहिल्या तऱ्हेत.

साफ केल्यावर मासे का मरतात

मासे मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. या कामात पाण्यातले कार्बोनेट, म्हणजे केएच, खर्ची पडत राहतात. पाणी बदललं की ते भरून निघतात. नाही बदललं तर संपतात आणि पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी) घसरू लागतो. तो ६ च्या आसपास आला की जिवाणूंचं काम जवळपास ठप्प होतं आणि अमोनिया साठत जातो.

तरी मासे जिवंत असतात, कारण आम्लधर्मी पाण्यात बहुतेक अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि अमोनियम फार कमी घातक असतं. आकडे बघा. २५ अंश सेल्सियसला पीएच ६ असेल तर एकूण अमोनियापैकी साधारण ०.०६ टक्केच विषारी रूपात असतो. पीएच ७ ला ते प्रमाण ०.६ टक्क्यांच्या आसपास जातं, पीएच ८ ला ५ टक्क्यांच्या वर. टेस्ट किट दोन्ही रूपांची बेरीज दाखवतं. म्हणजे किटमध्ये लिटरला ५ मिलिग्रॅम दिसतंय आणि पीएच ६ आहे, तर विषारी भाग ०.००३ मिलिग्रॅम. त्यात पीएच ८ चं नळाचं पाणी भरपूर ओतून पीएच वर चढवलात, तर अर्धा अमोनिया काढून टाकूनसुद्धा उरलेल्यातला विषारी भाग काही मिनिटांत कित्येक पटींनी वाढतो. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात, कल्ले भाजल्यासारखे लाल होतात. आणि आपण म्हणतो, अरे, पाणी तर स्वच्छ केलं होतं!

खायचा सोडा टाकून पीएच झटपट वर आणायचा मोह होतो. त्यानंही नेमकं हेच घडतं.

मोजल्याशिवाय हात लावायचा नाही

थेंबांचं टेस्ट किट लागेल: पीएच, केएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. नायट्रेटच्या बऱ्याच किटांमधल्या दुसऱ्या बाटलीत तळाशी भुकटी बसते. ती बाटली अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर आकडा खोटा, कमी येतो. जुन्या टाकीत उलट अडचण येते. नळीतलं पाणी इतकं गडद लाल होतं की रंगपट्टीवरचा शेवटचा रंगही फिका वाटतो. तेव्हा टाकीच्या १ भाग पाण्यात ९ भाग डिस्टिल्ड पाणी मिसळून टेस्ट करा आणि आकड्याला १० ने गुणा.

मग हेच सगळं तुमच्या नळाच्या पाण्यावर करा. दोन्ही पीएच, दोन्ही केएच वहीत शेजारी-शेजारी लिहा. फरक जितका मोठा तितका प्रवास सावकाश.

एक अपवाद सांगून ठेवतो. पीएच ७ च्या वर आहे, अमोनिया किंवा नायट्राइट चढलेलं आहे आणि मासे तडफडतायत, तर वाट बघू नका. क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्यानं लगेच निम्मं पाणी बदला. इथे सावकाशपणा जीव घेईल.

शक्य असेल तर मासे हलवायच्या आधी आठवडाभर तिथेच

जुना मालक तयार असेल तर सगळ्यात उत्तम उपाय हाच: टाकी आहे तिथेच ठेवून दोन-चार दिवसांआड १० टक्के पाणी बदलायचं, एक एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडायचा, खाणं निम्म्यावर आणायचं. खडीला हात लावायचा नाही. खडीच्या खोल थरात हवा पोचत नाही. तो थर ढवळला की कुजक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड, आणि त्याबरोबर साठलेली सगळी घाण पाण्यात येते.

पण बहुतेक वेळा "आज न्या, नाहीतर उद्या फेकतो" असाच प्रसंग असतो. तेव्हा असं करा.

एक दिवस हातात असेल तर आदल्या दिवशी माशांना उपाशी ठेवायला सांगा, म्हणजे वाटेत पाणी कमी घाण होतं. झाकणाच्या बादल्या न्या आणि त्यात त्यांचंच जुनं पाणी वरच्या थरातून भरा, निम्म्यापर्यंत. उरलेली जागा हवेसाठी. बॅटरीवर चालणारा एअर पंप असेल तर सोन्याहून पिवळं. काट्याचे मासे, म्हणजे सकर (काचेला तोंडानं चिकटणारा मासा) आणि कॅटफिश, जाळीत धरू नका. पराचा काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना पर फाटतो. पाण्याखाली डबा धरून त्यात हाकलायचं.

माशांइतकाच काळजीनं आणायचा तो फिल्टरचा स्पंज. त्यातल्या जिवाणूंना ओलावा आणि हवा दोन्ही लागतात, म्हणून पसरट डब्यात टाकीचंच थोडं पाणी घेऊन त्यात ठेवा, झाकण घट्ट लावू नका. नळाखाली धरू नका. मात्र फिल्टर आधीच दिवसेंदिवस बंद असेल आणि उघडल्यावर नाकाला झोंबत असेल, तर तो स्पंज टाकून द्या. त्यातले जिवाणू मेलेत आणि तो चालू केला की कुजलेलं सगळं टाकीत येईल.

जुनं पाणी शक्य तेवढं जास्त आणा. ४० लिटर आणता आलं तर ४० आणा. गाडीत जागा नाही असं वाटेल, पण हेच पाणी पुढचे १५ दिवस मासे वाचवणार आहे. टाकी सोबत आणणार असाल तर रिकामी करूनच उचला, १ लिटर पाणी १ किलो भरतं आणि पाण्यासकट उचललेल्या टाकीचे सांधे सुटतात. हीटर बाहेर काढायच्या आधी प्लग काढून १५ मिनिटं थांबा, नाहीतर काच तडकते. जुना हीटर मी तर पुन्हा वापरतच नाही. चालू अवस्थेत अडकला तर रातोरात मासे शिजतात.

पहिली टाकी: रिकामी, अंधारी, झाकलेली

घरच्या इतर माशांमध्ये यांना सोडायचं नाही. निदान ४ आठवडे वेगळी टाकी. तळाला खडी नको, म्हणजे विष्ठा दिसते आणि उचलता येते. स्पंज फिल्टर, हीटर, थर्मामीटर, लपायला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा. तीन बाजूंना कागद लावा. माशांना पापण्या नसतात, प्रकाश टाळायला आडोसा हाच एक मार्ग, म्हणून पहिले तीन दिवस दिवा बंद. वर झाकण हवंच, घाबरलेला मासा उडी मारतो. टाकीत उडी न मारणारा मासा बादलीतून आल्यावर पहिल्या रात्री मारतो. मोठ्या माशासाठी टाकी नसेल तर स्वच्छ, कधीही साबण न लागलेला १०० लिटरचा प्लास्टिकचा टब चालतो.

या टाकीत आणलेलं जुनं पाणी भरा आणि जुना स्पंज लावा. मग मासे सोडा. पाणी तेच असल्यामुळे तापमान जुळलं की झालं. अमोनिया चढलेला असेल तर अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर आधीच घाला.

पिशवीत भरून लांबून मासे आले असतील तर मात्र एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा. बंद पिशवीत माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि पिशवीतल्या अमोनियाचं विष होतं. म्हणून उघडी पिशवी ताटकळत ठेवून तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसू नका. तापमान जुळवा, थोडं पाणी मिसळा आणि मासा सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत न ओतता.

रोज १० टक्के

दुसऱ्या दिवसापासून रोज १० टक्के पाणी बदलायचं. क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं, आणि एकदम न ओतता बारीक नळीनं. पाण्यात क्लोरीन असेल तर ते उघड्या बादलीत २४ तास ठेवून उडतं, क्लोरामाइन असेल तर उडत नाही. म्हणून अँटिक्लोरीनचे थेंब घालणंच बरं.

रोज १० टक्क्यांचा हिशेब असा की ७ दिवसांनी जुनं पाणी ४८ टक्के उरतं, १४ दिवसांनी साधारण २३ टक्के. हीच ती उतरंड, जिच्यावरून मासा सावकाश खाली येतो. सकाळ-संध्याकाळ पीएच बघा. मी तो दिवसाला ०.३ पेक्षा जास्त चढू देत नाही. चढला तर दुसऱ्या दिवशी ५ टक्क्यांवर येतो. केएच परत आल्यावर स्पंजातले जिवाणू कामाला लागतात आणि अमोनिया उतरू लागतो. मधल्या दिवसांत नायट्राइट डोकं वर काढतं, त्यानं माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. त्यावर साधं मीठ उपयोगी पडतं, लिटरला १ ग्रॅम, आधी विरघळवून. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. कोरीडोरस आणि लोच हे तळाशी राहणारे मासे मिठाला हळवे, त्यांना निम्मंच. मीठ उडून जात नाही, तेव्हा जेवढं पाणी बदललं तेवढ्यापुरतंच पुन्हा घाला. फिल्टरमध्ये झिओलाइट (अमोनिया शोषून घेणारे खडे) असेल तर आधी काढा, मीठ लागलं की ते धरलेला अमोनिया परत सोडतं.

वहीत रोज तीन नोंदी: पीएच, अमोनिया आणि कल्ल्यांची उघडझाप मिनिटाला किती. शेवटची मोजायला घड्याळ आणि धीर लागतो, मासा स्थिर असताना मोजायची. नेमका आकडा जातीप्रमाणे बदलतो, पण आपल्याच माशाचा पहिल्या दिवशीचा आकडा दहाव्या दिवशी उतरलेला दिसला की औषधाच्या बाटलीकडे जाणारा हात आपोआप थांबतो.

औषध

फाटलेले पर, फिका रंग, मिटलेली शेपटी हे बघून पहिल्याच दिवशी औषध घालू नका. मेथिलीन ब्लू फिल्टरच्या जिवाणूंनाही मारतं, तांबं असलेली औषधं गोगलगाई आणि झिंगे मारतात. नुसतं पाणी सुधारल्यावर पर दोनेक आठवड्यांत कडेनं पारदर्शक, नवे फुटताना दिसतात. पांढुरकी किंवा लाल कड रोज आत सरकत असेल तरच ती पर-कूज आणि तेव्हाच जिवाणूंवरचं औषध.

वाट बघायची नाही अशा गोष्टी थोड्या. अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे ठिपके म्हणजे पांढरे ठिपके, इक. त्याचा परजीवी कातडीखाली असताना औषध लागू पडत नाही, पाण्यात मोकळा फिरतो तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके गेले तरी १० ते १४ दिवस औषध चालू ठेवायचं. तापमान वाढवलं की त्याचं चक्र लवकर फिरतं, पण २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास मावणारा ऑक्सिजन ३० अंशांना ७.५ वर येतो. हवा वाढवल्याशिवाय हीटर वाढवू नका. तोंडाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर बुरशी समजून गरम करू नका, तो बहुधा कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणू असतो आणि उबेत तो वेगानं पसरतो. गुदद्वारातून लाल दोऱ्यासारखे किडे लोंबत असतील तर ते कॅमॅलॅनस जातीचे जंत, त्यांना लेव्हामिसोल हे जंतांचं औषध लागतं. मात्रा जलचरांच्या पशुवैद्याला विचारूनच.

खाऊ घालणं

खप्पड पोटाच्या माशाला बघून मूठभर खाणं टाकावंसं वाटतं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी एक चिमूट, दोन मिनिटांत संपेल एवढीच. मग हळूहळू दिवसाला तीन-चार वेळा, थोडं-थोडं. माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं धरायचं. जुन्या मालकाचा डबा सोबत आला असेल तर फेका, उघडलेल्या डब्यातलं क जीवनसत्त्व महिन्यांत नासतं. दोन-तीन आठवडे नीट खाऊनही डोक्यामागची पाठ सुरीच्या धारेसारखीच राहिली, तर पोटात जंत किंवा क्षयासारखा आजार धरून चाला.

जातीनुसार थोडं

वाडग्यातला गोल्डफिश १८ ते २३ अंशांत सुखी असतो, हीटरची घाई नको. पोट फुगून तिरपा तरंगत असेल तर एक दिवस उपास, मग साल काढलेला उकडलेला वाटाणा. साध्या गोल्डफिशला ४३ वर्षं जगल्याची नोंद आहे, तेव्हा "आता म्हातारा झाला" हे मालकाचं म्हणणं सहज मान्य करू नका.

फायटर (बेट्टा) हवेतूनही श्वास घेतो, म्हणून घाणेरड्या बाटलीतही तग धरतो. त्याला २५-२७ अंश आणि मंद फिल्टर द्या. जोराच्या प्रवाहात त्याचे फाटके पर जुळत नाहीत.

ऑस्कर या मोठ्या, मांसाहारी माशाच्या डोक्यावर खड्डे दिसले तर पाणी आणि आहार दोन्ही बघा. पुष्कळ ऑस्कर जिवंत गोल्डफिशवर पोसलेले असतात. गोल्डफिशमध्ये बी१ जीवनसत्त्व नष्ट करणारं एन्झाइम असतं, शिवाय परजीवी फुकट येतात. गोळ्या खायला शिकवायला धष्टपुष्ट ऑस्करला चार-पाच दिवस उपाशी ठेवता येतं, हाडं दिसणाऱ्याला नाही.

आणि सकर. माझ्याकडे आलेला एक २५ सेंटिमीटरचा होता, ६० सेंटिमीटर लांबीच्या टाकीतला. वळताना शेपूट काचेला टेकून वाकायची आणि पुढे टबात सोडल्यावरही तिचं टोक डावीकडे वळलेलंच राहिलं. डोळे खोल गेलेले, पोट आत ओढलेलं. "शेवाळ खातो, त्याला वेगळं काही लागत नाही" म्हणून त्याला कुणी कधी काही घातलंच नव्हतं. सकरला रात्री, दिवा गेल्यावर, वाफवलेल्या काकडीची चकती आणि बुडणाऱ्या शैवालाच्या गोळ्या द्या, टाकीत लाकडाचा ओंडका ठेवा. खुंटलेली वाढ प्रौढ माशात पूर्ण भरून येत नाही, पोट मात्र भरतं.

हातमोजे

सायफन तोंडानं ओढू नका. बोटाला चीर असेल तर टाकीत हात नको. माशांच्या क्षयाचा मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू माणसाच्या कातडीत शिरतो आणि हातावर न भरणाऱ्या गाठी येतात. अशी गाठ आली तर डॉक्टरांना टाकीत हात घातल्याचं आपणहून सांगा, विचारलं नाही तरी.

जो वाचणार नाही

सगळे खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले, मासा खात नाही, आडवा पडलाय, तर आतले अवयव निकामी झालेत. पशुवैद्य मिळत नसेल तर लवंग तेल: लिटरला ०.४ मिलिलिटर, आधी छोट्या बाटलीत कोमट पाण्यात जोरात हलवून मग मिसळायचं. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही निदान अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्या. जिवंत मासा फ्रीझरमध्ये किंवा संडासात टाकणं ही सुटका नव्हे.

४० दिवसांनंतर

नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली, अमोनिया-नायट्राइट शून्य, निदान ४ आठवडे नवीन ठिपका किंवा जखम नाही, खाणं टाकताच मासा पुढे येतो: एवढं जमलं की मोठ्या टाकीत हलवा, किंवा जागा असलेल्या माणसाला द्या. देताना वहीची पानंही द्या. नदी-तलावात सोडायचं नाही, कितीही मोठा झाला तरी. सोडलेल्या सकरांनी अनेक देशांत काठ पोखरलेत आणि तिथल्या माशांची जागा घेतली आहे.

त्या वाकड्या शेपटीच्या सकरनं पहिले २५ दिवस पाइपाबाहेर तोंड काढलं नाही, काकडी सकाळी जशीच्या तशी. २६ व्या रात्री अंधारात टबाकडून खर्र-खर्र असा आवाज येऊ लागला, लाकडावर पॉलिश-पेपर फिरवल्यासारखा. दिवा लावला असता तर थांबला असता, म्हणून लावला नाही. सकाळी टबाच्या तळाला भुशाच्या रंगाच्या विष्ठेचे लांबच लांब दोरे होते आणि मी पीएचच्या आधी तेच वहीत लिहिलं.